एरंडेलातील रिसिनोलेइक अम्ल : बाराव्या कर्बाची कथा



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय कोणता, अशी विचारणा शाळेकडून झाली तेव्हा मी 'एरंडेल' असे कळविले. उलट टपाली जे पत्र आले त्यात विषयाबद्दल अवाक्षर नव्हते. व्याख्यानास पाऊण तासाची मर्यादा आहे, एवढे मात्र आवर्जून लिहिले होते. चिटणीसांची भीती मी समजू शकतो. लांबत जाणाऱ्या निष्फळ चर्चेला आपल्या भाषेत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. एरंडाचा दांडा पोकळ. तो चरकात घालून कितीही पिळला तरी रस निघावयाचा नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हणही आपलीच. या झाडाच्या वाट्याला मराठीत मान असा आलाच नाही. संस्कृतात मात्र त्याच्या पंजासारख्या पानावरून त्याला 'गंधर्वहस्त' असे देखणे नाव मिळाले आहे, आणि आमवातरूपी हत्तीला एरंडस्नेहरूपी सिंहच आवरतो, अशी वैद्यांची उपमा आहे.

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत या तेलाची आणखी एक गंमत होती. येथील वाणी त्याला 'अंडी का तेल' म्हणतो. पुण्याकडून नव्याने सून होऊन आलेल्या आमच्या एका काकूंनी ते ऐकून बाटली हातात घ्यायचेच नाकारले होते. आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात अंड्यांचे तेल! आजीने समजूत घालीपर्यंत ती बाटली ओसरीवरच राहिली.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते सर आम्हांला नववीत विज्ञान शिकवीत. एके दिवशी त्यांनी तीन परीक्षानळ्यांत तीन तेले घेतली : मोहरीचे, तिळाचे आणि एरंडेल. प्रत्येकीत तेलाच्या चौपट स्पिरिट ओतले, अंगठ्याने तोंड दाबून नळ्या हलविल्या आणि घोडीवर ठेवून दिल्या. थोड्या वेळाने पहिल्या दोन नळ्यांत तेल खाली व स्पिरिट वर, असे दोन थर स्पष्ट दिसू लागले. तिसऱ्या नळीत थर नव्हताच. एरंडेल स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळून द्रव काचेसारखा स्वच्छ झाला होता. मी विचारले, "सर, असे का?" सर म्हणाले, "मलाही पक्के ठाऊक नाही. तुला कळले तर मला सांग." विद्यार्थ्यासमोर असे म्हणणारा शिक्षक मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही फारसा पाहिला नाही.

पुढे मी नागपूरला तेल तंत्रज्ञान शिकलो आणि नोकरीची सारी वर्षे तेलांच्या प्रयोगशाळेत काढली. उत्तर मला दुसऱ्याच वर्षी मिळाले होते. सरांना ते सांगावयाचे मात्र राहून गेले. सुटीत ग्वाल्हेरला येई तेव्हा पुढच्या खेपेस भेटू, असे म्हणत राहिलो. तेव्हा आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

कोणतेही तेल घेतले तरी त्याची घडण साधारणपणे एकाच धाटणीची असते. ग्लिसरॉल ही तीन खुंट्यांची फळी मानली तर प्रत्येक खुंटीला वसाम्लाची एकेक लांब शेपटी टांगलेली असते. वसाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची साखळी. तिच्या एका टोकाला अम्लगट, बाकी सर्वत्र कर्बाला चिकटलेले हायड्रोजन. तेलातेलांतील भेद मुख्यतः या शेपट्यांमुळे पडतो. तिळाच्या व शेंगदाण्याच्या तेलांत ओलेइक आणि लिनोलेइक या अठरा कर्बांच्या अम्लांचे प्राबल्य असते. आपल्या चंबळकाठच्या मोहरीच्या जुन्या वाणांत एरुसिक नावाचे बावीस कर्बांचे अम्ल भरपूर सापडते.

एरंडेलात सुमारे ८५ ते ९० टक्के वसाम्ल एकच असते. त्याचे नाव रिसिनोलेइक अम्ल. एरंडाच्या 'रिसिनस कम्युनिस' या शास्त्रीय नावावरून ते पडले. त्याची साखळीही अठरा कर्बांचीच. अम्लगटाचा कर्ब पहिला धरून मोजत गेले तर नवव्या आणि दहाव्या कर्बांमध्ये एक द्विबंध लागतो, तोही ओलेइक अम्लात असतो तसाच. येथवर नवल काही नाही. नवल आहे ते बाराव्या कर्बावर. तेथे एका हायड्रोजनची जागा हायड्रॉक्सिल गटाने, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीने घेतलेली आहे. ओलेइक अम्लात अठरा कर्ब, चौतीस हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. रिसिनोलेइक अम्लात अठरा कर्ब, चौतीस हायड्रोजन आणि तीन ऑक्सिजन. फरक एका ऑक्सिजनचा आहे, आणि मी पुढे जे जे सांगणार आहे ते जवळजवळ सारे त्या एका ऑक्सिजनची करामत आहे.

हायड्रॉक्सिल गट पाण्यात असतो, मद्यार्कातही असतो. असे गट एकमेकांजवळ आले की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. हे बंध कच्चे असतात, पण संख्येने पुष्कळ असल्याने त्यांचा प्रभाव मोठा. तिळाच्या तेलाच्या रेणूला मद्यार्कात कोणी ओळखीचे भेटत नाही, म्हणून तो वेगळा राहतो. एरंडेलाच्या रेणूला बहुधा तिन्ही शेपट्यांवर एकेक हायड्रॉक्सिल असल्यामुळे तो मद्यार्काशी सहज मिसळतो. सरांच्या तिसऱ्या नळीचे रहस्य ते हेच. एरंडेलाचे रेणू आपापसांतही असेच धरून राहतात. म्हणून ते इतर खाद्यतेलांच्या मानाने सुमारे दसपट दाट असते. बाटली उलटी केली तरी ते घाई करीत नाही, हे लहानपणी चमच्याकडे भीतीने पाहणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल.

मद्यार्काशी मैत्री, तर पेट्रोलशी दुरावा, हे ओघानेच आले. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची एंजिने अशी होती की सिलिंडरांचे सारे कडेच गरगर फिरे आणि इंधनमिश्रित हवा एंजिनाच्या पोटातूनच जाई. खनिज वंगण त्या पेट्रोलने धुऊन नेले असते. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि तापल्यावरही धातूला चिकटून राहते. म्हणून तेथे तेच वापरीत. १९०९ साली बाजारात आलेल्या 'कॅस्ट्रॉल' या वंगणाचे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच घडविलेले आहे. एंजिनातून उडालेले तेल वैमानिकाच्या नाकातोंडात जाई आणि त्याचे परिणाम पोटाला भोगावे लागत, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते.

पोटाचा विषय निघालाच आहे, तर तेथे थोडे थांबतो, कारण या सभागृहात आजीआजोबा पुष्कळ दिसत आहेत. आमच्या वाड्यात महिन्यातून एका रविवारी सकाळी सर्व मुलांना ओळीने बसवून एरंडेल दिले जाई. वर सुंठेचा काढा. ते तेल आतडी 'वंगण लावून मोकळी' करते, असे आजी सांगे, आणि दीर्घकाळ शास्त्रज्ञांचे म्हणणेही याहून फारसे स्पष्ट नव्हते. वस्तुतः एरंडेल स्वतः काहीच करीत नाही. लहान आतड्यात लायपेज हे विकर त्याच्या शेपट्या खुंटीवरून सोडविते आणि रिसिनोलेइक अम्ल मोकळे होते. रेचक आहे ते हे अम्ल. ते नेमके काय करते याचा उलगडा २०१२ साली झाला. जर्मनीतील बाड नाउहाइम येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी दाखविले की आतड्याच्या स्नायुपेशींवर प्रोस्टाग्लँडिन ई२ या शरीरातील संदेशवाहक द्रव्यासाठी जे ग्राही असतात, त्यांपैकी 'ईपी३' नावाच्या ग्राहीला हे अम्ल जाऊन चिकटते व स्नायू आकुंचन पावू लागतात. ज्या उंदरांत हा ग्राहीच नव्हता त्यांना एरंडेल देऊनही रेच झाला नाही. कुलूप काढून घेतल्यावर किल्ली निरुपयोगी ठरावी, तसे.

याच प्रयोगात दुसरी गोष्ट आढळली : गर्भाशयाच्या स्नायूंवरही तोच ग्राही असतो आणि रिसिनोलेइक अम्ल तेथेही तेच करते. दिवस भरलेल्या बाईला सुईण एरंडेल पाजीत असे, त्यामागे काही तथ्य होते तर! परंतु तथ्य होते, म्हणूनच धोकाही होता. ज्या औषधाने कळा सुरू होऊ शकतात ते किती द्यावे आणि केव्हा द्यावे, हे चमच्याच्या अंदाजावर सोडणे बरे नव्हे. गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याखेरीज एरंडेल घेऊ नये, हे मी येथे स्पष्टपणे सांगतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना घशात एरंडेलाचे बोट फिरविण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे. तेल एवढे दाट, आणि बाळ रडत असते. थेंब श्वासनलिकेत गेला तर फुफ्फुसाचा दाह होतो. ही चाल मोडावी. तेल अंगाला लावावयास माझी हरकत नाही.

आता त्याच झाडाची दुसरी बाजू. मी बारा वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीने वाड्यामागच्या उकिरड्यावर उगवलेल्या एरंडाच्या बिया तोंडात टाकल्या. चकचकीत, तपकिरी ठिपक्यांच्या त्या बिया पाहून कोणत्याही मुलाला मोह पडावा. रात्रीपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. आजीने घरगुती उपाय म्हणून काय काढले असेल? एरंडेलाची बाटली! पोट साफ होईल म्हणून. वडिलांनी ती हातातून काढून घेतली आणि टांग्यातून तिला इस्पितळात नेले. ती वाचली, बहुतेक बिया तिने न चावता गिळल्या होत्या आणि बीचे टरफल टणक असल्यामुळे आतले विष बाहेर पडले नव्हते. तेथील डॉक्टरांनी वडिलांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : "चावल्या का गिळल्या?"

त्या विषाचे नाव रिसिन. नाव सारखे असले तरी रिसिनोलेइक अम्लाशी त्याचे काहीही नाते नाही. रिसिन हे प्रथिन आहे. ते पेशीत शिरून प्रथिने बनविणारे यंत्रच बंद पाडते. पाण्यात विरघळते, तेलात नाही; म्हणून बी दाबून तेल काढल्यावर ते पेंडीत मागे राहते, आणि तेल शुद्ध करताना दिलेल्या उष्णतेने उरलासुरला अंशही नष्ट होतो. एरंडीची पेंड उत्तम खत आहे, परंतु ती तशीच गुराढोरांपुढे ठेवता येत नाही ती याच कारणाने. बागेत ही पेंड घालणाऱ्यांनी घरच्या कुत्र्यावर लक्ष ठेवावे. १९९७ साली अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारात रिसिनचे नाव पहिल्याच परिशिष्टात आहे. आणि या विषावर काम करणारी संस्था आपल्याच गावात आहे, हे येथील तरुणांना ठाऊक असावे. १९४७ साली जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून जिचा आरंभ झाला, तीच १९७३ पासून संरक्षण संशोधन व विकास आस्थापना या नावाने ओळखली जाते. रासायनिक व जैविक अस्त्रांपासून बचाव हे तिचे क्षेत्र आणि रिसिन हा तेथील अभ्यासाचा एक विषय. आमच्या उकिरड्यावरचे झाड एवढ्या मोठ्या दप्तरात नोंदलेले असेल, असे तेव्हा कोणाला वाटले असते?

पुन्हा अम्लाकडे वळू. आमच्या वाड्यातील एक काका गिरणीच्या रंगखात्यात होते. बिर्लानगरच्या भोंग्यावर ज्यांनी घड्याळे लावली त्यांना त्या दिवसांचे ग्वाल्हेर आठवत असेल. १९२१ साली उभी राहिलेली जियाजीराव कॉटन मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. काकांच्या तोंडी 'टर्की रेड ऑइल' हा शब्द नेहमी असे आणि मला ते तुर्कस्तानातून येते असे वाटे. ते आपले एरंडेलच. थंड स्थितीत त्यात सल्फ्यूरिक अम्ल हळूहळू मिसळले की ते मुख्यतः त्या बाराव्या कर्बावरच्या हायड्रॉक्सिलशी संयोग पावते. मग अल्कलीने उदासीन केल्यावर मिळणारे तेल चक्क पाण्यात मिसळते. १८७० च्या दशकात ते प्रचारात आले. साबणाखेरीज माणसाने बनविलेले पहिले प्रक्षालक म्हणून त्याचा उल्लेख होतो. कापसाच्या धाग्यात पाणी व रंग खोलवर शिरविण्याचे काम ते करी, आणि मंजिष्ठेच्या मुळीतील ॲलिझरिनचा गडद तांबडा रंग सुतावर पक्का बसविण्यासाठी तर ते अत्यावश्यकच होते. त्या तांबड्या रंगाचे नाव 'टर्की रेड', आणि तेलाला ते रंगावरून मिळाले.

मला स्वतःला सर्वांत मोह पडतो तो या साखळीच्या विभागणीचा. शाळेतील मुलांनी येथे कागदावर अठरा ठिपके काढावेत. दाहक सोड्याबरोबर रिसिनोलेइक अम्ल सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापविले तर साखळी दहाव्या व अकराव्या कर्बांमध्ये तुटते : दहा कर्बांचे सेबेसिक अम्ल आणि आठ कर्बांचा एक अल्कोहोल. सेबेसिक अम्लापासून नायलॉन ६,१० बनते. दात घासण्याच्या ब्रशाचे केस त्याचे करतात. सेबेसिकचीच एस्टरे जेट एंजिनांच्या वंगणात जातात. आता सोडा न घालता, या अम्लाचे मिथिल एस्टर करून त्याची वाफ सुमारे ५०० अंशांच्या आसपास तापविली तर तीच साखळी अकराव्या व बाराव्या कर्बांमध्ये तुटते : अकरा आणि सात. दहा अधिक आठ अठरा, अकरा अधिक सात अठरा. एकाच दोरीला गाठ एक, पण ताण कसा द्यावा यावर तुटण्याची जागा ठरते. सात कर्बांच्या हेप्टाल्डिहाइडपासून जाईसारखा वास असलेले सुगंधी द्रव्य तयार होते. साबणांच्या व अत्तरांच्या धंद्यात त्याला मोठी मागणी असते. अकरा कर्बांचे अनडेसिलेनिक अम्ल बुरशीला मारक आहे आणि नायट्यासारख्या त्वचारोगांवरील मलमांत वापरले जाते. त्यापासूनच १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये नायलॉन ११ हे बहुवारिक सिद्ध झाले. मालमोटारींच्या ब्रेकच्या हवेच्या नळ्या त्याच्या असतात. हमरस्त्यावरून उतारावर येणारा ट्रक वेळेवर थांबतो, त्यात एरंडीच्या बीचाही हात असू शकतो.

बाकीचे उपयोग झटपट सांगतो. द्विबंधात हायड्रोजन भरला की एरंडेल मेणासारखे कठीण होते. त्यातील अम्ल लिथियमशी संयुक्त केले की यंत्रांच्या बेअरिंगांत भरतात ते ग्रीस मिळते. उलट हायड्रॉक्सिल पाण्याच्या रूपाने काढून टाकला की त्या जागी दुसरा द्विबंध येतो आणि जवसाच्या तेलाप्रमाणे वाळून पापुद्रा धरणारे, रंगांत वापरण्याजोगे तेल तयार होते. आयसोसायनेटबरोबर पॉलियुरेथेन. जस्ताबरोबर दुर्गंधनाशक. चॉकलेट साच्यात नीट वाहावे म्हणून त्यात जो ई ४७६ हा पदार्थ अल्प प्रमाणात घालतात, त्यातही हेच अम्ल ग्लिसरॉलशी जोडलेले असते. नातवंडांना एरंडेल नको, चॉकलेट हवे असते!

हे सारे कच्चा माल म्हणून ज्या झाडावर अवलंबून आहे त्याचे जगातील बहुतांश उत्पादन आपल्या देशात, त्यातही मुख्यतः गुजरातेत होते. एरंडाचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण, जीसीएच ३, गुजरातेतच १९६८ साली निघाले. परंतु सेबेसिक अम्लाचे मोठे कारखाने चीनमध्ये उभे राहिले आणि चीन हा आपल्या एरंडेलाचा मोठा ग्राहक झाला. नायलॉन ११ चा मूळ कच्चा माल मार्सेयला बनू लागला. बी आपले, ऊन आपले, शेतकऱ्याचा घाम आपला. आणि दहा व आठ, अकरा व सात अशी वाटणी करून मोल वाढविण्याचे काम बव्हंशी परक्यांचे. अलीकडे आपल्याकडेही असे कारखाने निघाले आहेत, त्याचा आनंद आहे. माझ्या पिढीच्या तेलतंत्रज्ञांनी हे पुरेसे लवकर केले नाही, ही बोच मात्र जात नाही. आम्ही पुष्कळ वर्षे तेल गाळून, विरंजन करून पिंपांत भरण्यातच हुशारी मानली.

परदेशी शास्त्रज्ञांनी आमच्या झाडावाचून चालविण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९९५ साली एरंडातील ते जनुक हाती आले, जे ओलेइक अम्लाच्या बाराव्या कर्बावर हायड्रॉक्सिल बसविणारे विकर घडविते. ते मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपट्यात घातले. अपेक्षा अशी की आता त्याच्या बीतूनही एरंडेल निघावे. निघाले, पण हायड्रॉक्सिल असलेली अम्ले जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या आसपास, एरंडाचे नव्वद टक्के कोठे! नुसते अम्ल बनविणे पुरेसे नव्हते. ते उचलून ग्लिसरॉलच्या तिन्ही खुंट्यांवर टांगणारी एरंडाची स्वतःची विकरे वेगळी असतात, हे नंतर ध्यानात आले. २०१० मध्ये एरंडाच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि काम पुढे चालू राहिले. औद्योगिक प्रमाणात रिसिनोलेइक अम्ल मिळविण्यासाठी एरंडाच्या शेतातच जावे लागते.

व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत यावे. सरांच्या जुन्या टेबलावर तीन परीक्षानळ्या मांडून ठेवल्या आहेत. स्पिरिट शाळेने दिले आहे, तेले मी आज सकाळी जनकगंजातून आणली. दुकानदाराने बाटली देताना 'अंडी का तेल' असेच म्हटले. नळ्या हलवून झाल्यावर तिन्ही दिव्यासमोर धरून पाहाव्यात. स्पिरिट पेटते, तेव्हा दिवा विजेचाच असावा.